हलगी, थेरेमिन आणि फोनचा रिसीव्हर: पहिल्या दौऱ्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमकं कशाचं आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. पुण्याचा पाच जणांचा बँड, सहावा मित्र टी-शर्ट विकायला. गिटार, बेस, ड्रम सोडून तुमच्याकडे डिस्टॉर्शनमधून (आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या पेडलमधून) वाजणारी पेटी आहे, हलगी आहे, लहान मुलांचा कीबोर्ड आहे, थेरेमिन (स्पर्श न करता, हवेत हात हलवून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) आहे, आणि एका गाण्यात गायक जुन्या लँडलाइनच्या रिसीव्हरमध्ये गातो. गुरुवारी मुंबई, शुक्रवारी पुणे, रविवारी गोवा, बुधवारी बंगळूर, त्यापुढच्या शुक्रवारी हैदराबाद. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: गाडी की ट्रेन, काय काय न्यायचं, आणि प्रत्येक ठिकाणी साउंडवाला तुमची वाद्यं बघून कपाळाला हात लावतो त्याचं काय करायचं.

मला यात प्रश्न एकच दिसतो, वेळेचा. गिटार-बेस-ड्रमचा बँड कुठलाही साउंडवाला डोळे मिटून लावतो. तुमच्याकडे मात्र प्रत्येक वाद्यामागे 'हे काय आहे, आवाज कुठून निघतो, केबल कुठे लावू' असं तीन-चार मिनिटांचं संभाषण होतं, आणि क्लबमध्ये दोन बँडच्या मध्ये तुम्हाला १५, फार तर २० मिनिटं मिळतात. म्हणून संगीत जेवढं विक्षिप्त, तेवढी मागची व्यवस्था कंटाळवाणी ठेवा. रोज तीच मांडणी, त्याच केबल, तोच क्रम. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलंय.

काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात, त्या आधी सांगतो. दौरा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आहे असं मी धरलंय. जुलैत असेल तर आंबोलीतलं धुकं आणि कातड्याची वाद्यं हे दोन वेगळेच विषय होतात. क्लब ड्रम किट, बेस अँप आणि निदान एक गिटार अँप देतात असंही धरलंय. देत नसतील तर पाच गिगपैकी दोन तरी सोडून द्या, कारण या दूरच्या पल्ल्यांवर अख्खा किट वाहणं पहिल्या दौऱ्याला परवडत नाही.

गाडीपासून सुरू करू. तुमच्या मार्गाला गाडीच हवी. ट्रेनमध्ये थ्री एसीला माणशी ४० किलो सामान चालतं, म्हणजे सहा जणांचे २४० किलो. वजनात तुम्ही आरामात बसता, पण अडचण आकाराची आहे. १०० बाय ६० बाय २५ सेंटीमीटरपेक्षा मोठा खोका नियमाने डब्यात नेता येत नाही, तो ब्रेकव्हॅनमध्ये बुक करावा लागतो, आणि मग उतरल्यावर साउंडचेकची वेळ जवळ येत असताना पार्सल ऑफिसबाहेर उभं राहावं लागतं. विमानात देशांतर्गत इकॉनॉमीला साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन मिळतं. खोक्यासकट पेटीच त्यातला बहुतेक वाटा खाते.

अंतरं अंदाजे अशी: पुणे-मुंबई-पुणे ३००, पुणे-गोवा ४५०, गोवा-बंगळूर ५८०, बंगळूर-हैदराबाद ५७०, हैदराबाद-पुणे ५६०. एकूण २४६०, गावातल्या गावात २०० धरले तर २६६० किलोमीटर. आता गाडीवाल्याचा हिशेब बघा. बाहेरगावच्या भाड्याला बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान ३०० किलोमीटरचे पैसे लागतात, गाडी उभी राहिली तरी. गुरुवार ते पुढचा शनिवार हे दहा दिवस, म्हणजे बिल ३००० किलोमीटरचं. म्हणून पहिला प्रश्न दराचा न विचारता हा विचारा: तुमचा दिवस रात्री बाराला बदलतो की २४ तास धरता? मुंबईची फेरी गुरुवारी दुपारी १२ ते शुक्रवारी दुपारी १२ अशी एका दिवसात बसली तर शुक्रवार वाचतो. पुण्यातल्या गिगला घरच्या गाड्या काढा. राहिले नऊ दिवस, बिल २७०० किलोमीटरचं. दर २६ रुपये धरला तर ७०,२०० रुपये. ड्रायव्हरचा भत्ता रोजचा ५०० धरला तर ४,५०० आणखी. पाच गिगवर वाटलं की प्रत्येक गिगच्या डोक्यावर १४,९४० रुपये नुसते चाकांचे. टोल, परराज्यांचा कर, पार्किंग आणि रात्रीचा जादा आकार यात नाहीत. ते बिलात धरलेत की वेगळे, हे व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. दर तुमच्या गाडीवाल्याचे टाका, गणित हेच राहील.

गाडी १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. सहा माणसांना ती मोठी वाटेल, पण मागच्या दोन रांगा सामानाच्या आहेत. टपावरच्या कॅरियरवर कपड्यांच्या बॅगा सोडून काही ठेवू नका. दुपारच्या उन्हात ताडपत्रीखाली गिटारचा गोंद आणि पेटीच्या भात्याचं चामडं दोन्हींची वाट लागते. जड खोके खाली आणि मागच्या चाकांच्या जरा पुढे, गिटार उभ्या, पेटी कधीही आडवी-उलटी नाही. ब्रेक लागल्यावर माणसांच्या मानेवर येईल असं काही सीटच्या पाठीच्या वर रचू नका. सामान बांधायला रॅचेटचे दोन पट्टे पुरतात.

ड्रायव्हरच्या झोपेबाबत मी कुठलीही सवलत देत नाही. गिग रात्री साडेअकराला संपतो, सामान भरेपर्यंत एक वाजतो, आणि 'आत्ताच निघू, सकाळी पोहोचू' हे बोलणारा माणूस नेहमी मागे झोपणारा असतो. मुंबई-पुणे सोडून एकही रात्रीचा प्रवास करू नका, आणि त्या रात्रीही ड्रायव्हर दुपारी खरंच झोपला होता का ते बघा. त्याला प्रत्येक मुक्कामी खाट आणि पंख्याची खोली द्या, गाडीतली सीट नव्हे. शनिवारी पहाटे सहाला पुणे सोडा, कोल्हापूरला नाश्ता, निपाणीहून आजरा-आंबोली-सावंतवाडी. थांबे धरून दहा-अकरा तास लागतील, पण घाट उजेडात उतराल. सोमवारी गोव्याहून उशिरा निघालात तरी चालेल, हुबळीला मुक्काम करा. मंगळवारी तिथून राष्ट्रीय महामार्ग ४८ सरळ बंगळूरला नेतो. बुधवारी तुम्ही ताजे असाल. बंगळूरहून कर्नूलमार्गे हैदराबाद आणि हैदराबादहून सोलापूरमार्गे पुणे हे दोन्ही एकेका दिवसाचे पल्ले आहेत, सकाळी सहाला निघायचं एवढीच अट.

आता सामान. तुम्ही दिलेल्या यादीवरून माझ्या मोजणीत १९ नग होतात. 'नग' हा शब्द मुद्दाम वापरतोय, ट्रान्सपोर्टवाल्यांचाच. प्रत्येक खोक्यावर, बॅगेवर, अगदी ड्रमच्या गालिच्यावरही झगझगीत रंगाची टेप लावा आणि मोठा आकडा घाला: १/१९, २/१९. गाडीत चढताना एकच माणूस दारात उभा राहून आकडे मोठ्याने म्हणतो. दोघं मोजतात तेव्हा कोणीच मोजत नाही. हरवणाऱ्या वस्तू ठरलेल्या आहेत: ड्रमरची स्टुलाखाली राहिलेली किल्ली, अँपमागे लावलेला पेडलचा अॅडॅप्टर आणि टी-शर्टच्या टेबलावरचा फोन चार्जर. म्हणून स्टेज सोडण्याआधी शेवटचा माणूस टॉर्च घेऊन अँपच्या मागे आणि रायझरच्या (ड्रमच्या चौथऱ्याच्या) खाली बघून येतो.

ड्रमरने अख्खा किट न नेता स्वतःचा स्नेअर, सिंबल, किकचं पेडल आणि काठ्या न्याव्यात. क्लबच्या किटवर या चारच गोष्टी हमखास वाईट असतात. गालिचा २ बाय दीड मीटरचा, खाली रबर असलेला. गुळगुळीत लादीवर किक ड्रम गाण्यागणिक पुढे सरकतो आणि तिसऱ्या गाण्यात ड्रमर पायाने किट ओढत वाजवतो, ते लोकांना फार विनोदी दिसतं.

दुरुस्तीचा एक वेगळा डबा करा, तो स्टेजच्या कडेलाच राहील. गिटारच्या १०-४६ जाडीच्या तारांचे तीन संच, बेसचा एक. एक्सएलआर (माइकच्या) केबल सहा, प्रत्येकी ६ मीटर. जॅक (गिटारच्या) केबल चार. थ्री-पिनचे एक्स्टेन्शन बोर्ड तीन, प्रत्येकी ५ मीटर. १५ अँपिअरच्या सॉकेटमधून ५ अँपिअर काढणारे दोन अॅडॅप्टर. काळी गॅफर टेप दोन रोल. साधी चिकटपट्टी नको, उन्हात तिचा चिकट थर केबलवरच राहतो आणि आठवडाभर हाताला लागतो. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, मल्टीमीटर, फ्यूज, डबल-ए सेल १६, ९ व्होल्टचे चार, अॅलन की, ड्रमची किल्ली, सिंबलचे फेल्ट, डोक्याला लावायची टॉर्च आणि कानातले बोळे सहा जोड्या. पेडलचे अॅडॅप्टर ९ व्होल्टचे असले तरी बहुतेकांचं आतलं टोक निगेटिव्ह असतं. खेळण्यातल्या कीबोर्डचा अॅडॅप्टर बऱ्याचदा उलटा, आतलं टोक पॉझिटिव्ह. दोन्ही दिसायला सारखे. अंधारात अदलाबदल झाली की काहीतरी जळतं, म्हणून कीबोर्डच्या अॅडॅप्टरला लाल टेप गुंडाळा. त्याहून बरं म्हणजे तो घरीच ठेवा, कारण पुढे येतंच.

साउंडवाल्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबू. तुमची सगळी वाद्यं सरळ मोजली तर ड्रमचे सहा माइक, हलगी, बेस, गिटार, पेटी, कीबोर्ड, थेरेमिन, तीन गायक आणि रिसीव्हर मिळून १६ चॅनल होतात. छोट्या क्लबमध्ये मिक्सरला माइक इनपुट साधारण १६च असतात आणि त्यातलं एखादं आधीच मेलेलं असतं. म्हणजे सुरुवातच तंगीत. ड्रमच्या वर टांगलेल्या दोन माइकपैकी (ओव्हरहेड) एक काढा, एक पुरतो. कीबोर्ड आणि थेरेमिन एकाच वेळी कधीच वाजत नाहीत, तर ते दोन्ही तुमच्याच टेबलावरच्या छोट्या मिक्सरमध्ये घेऊन एकच लाइन बाहेर द्या. झाले १४, दोन हाताशी. पेटी आणि रिसीव्हर मात्र या मिक्सरमध्ये घालू नका. दोन्ही फीडबॅक (स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत जाऊन होणारी शिटी) देणारे आहेत, त्यांचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती दांडी) साउंडवाल्याच्या बोटाखालीच हवा.

हे सगळं एका पानात, म्हणजे राइडरमध्ये, लिहा आणि गिगच्या दहा दिवस आधी पाठवा. वर चॅनलची यादी, क्रमांकासकट. खाली स्टेजचा नकाशा, प्रेक्षकांच्या बाजूने बघितल्यासारखा, प्रत्येक ठिकाणी किती सॉकेट लागतील ते लिहून. विचित्र वाद्याला त्याच्या नावाऐवजी त्याचं वागणं लिहा. 'थेरेमिन' लिहिण्यापेक्षा 'कीबोर्डसारखी लाइन, डीआय लागेल, आवाज अचानक मोठा होतो' हे उपयोगाचं (डीआय म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरच्या माइक इनपुटला चालेल असा करणारी छोटी डबी). गिगच्या आदल्या दिवशी साउंडवाल्याला फोन करा. क्लबच्या मॅनेजरला पाठवलेलं पान त्याच्यापर्यंत पोहोचतंच असं नाही.

आता एकेक वाद्य. पेटीच्या आत चिकटवलेला पिएझो (लाकडाचे कंप टिपणारी चकती) मला आवडत नाही. भात्याची धडधड आणि बोटांचे ठोके तो सुरांपेक्षा मोठे देतो, आणि पुढे डिस्टॉर्शन असलं की ती धडधड स्वतःच एक वाद्य होते. स्वर जिथून बाहेर पडतात त्या बाजूला १० ते १५ सेंटीमीटरवर डायनॅमिक माइक (बाहेरून वीज न लागणारा) ठेवा. माइकची केबल अॅडॅप्टर लावून सरळ गिटारच्या पेडलमध्ये घुसवू नका. माइकचा सिग्नल फार बारीक असतो, पेडलला गिटारच्या पातळीचा हवा असतो, म्हणून आवाज दबका येतो आणि तुम्ही गेन चढवत जाता तशी सूंसूं वाढते. क्रम असा ठेवा: माइक, छोटा प्रीअँप (बारीक सिग्नल वाढवणारा), नॉइज गेट (वाजत नसताना खरखर अडवणारं), डिस्टॉर्शन, डीआय. १२० ते १५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा. पेटीवाल्याच्या मॉनिटरमध्ये (त्याच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) पेटी देऊच नका, ती त्याच्या मांडीशीच आहे.

रिसीव्हरच्या जुन्या माइकमध्ये कार्बनचे कण असतात, त्याला चालायला स्वतःचा डीसी करंट लागतो. त्यानंतरच्या फोनमध्ये इलेक्ट्रेट असतो, त्याला थोडे व्होल्ट. यातला कुठलाही मिक्सरच्या ४८ व्होल्टच्या फँटमवर (मिक्सर माइकच्या केबलमधून देतो त्या विजेवर) थेट लावला तर एखाद्या रात्री चालेल, एखाद्या रात्री मरेल. सोपा उपाय म्हणजे आतला माइक काढून स्वस्तातली डायनॅमिक कॅप्सूल बसवा. ट्रान्सफॉर्मर असलेल्या पॅसिव्ह डीआयमधून नेलं की फँटम तिथेच अडतो. फोनचा तो ओळखीचा आवाज माइकपेक्षा कापलेल्या पट्ट्यामुळे येतो: खाली ३०० आणि वर ३४०० हर्ट्झ. तेवढं मिक्सरवर कापायला सांगितलं की जुन्या कॅप्सूलचा मोह राहत नाही. रिसीव्हर हातात घेऊन मॉनिटरसमोर वाकायचं नाही, हे गायकाला सांगून ठेवा. तो वाकणारच, पण सांगून ठेवा.

खेळण्यातल्या कीबोर्डला बाहेर यायला फक्त हेडफोनचं भोक असतं, ते स्टिरिओ. त्यातून स्टिरिओ केबल काढून मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला लावली की मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. कीबोर्डचे दोन्ही बाजूंचे आवाज एकच असल्यामुळे उरतं जवळपास शून्य. मग 'तुमचं खेळणं मेलंय' असं उत्तर मिळतं. दोन मोनो टोकं असलेली वाय केबल घ्या आणि त्यातलं एकच टोक वापरा. वीज सेलवरच द्या. अॅडॅप्टर लावला की अर्थिंगची घरघर आत येते. सेल उतरायला लागले की काही कीबोर्डचा सूर खाली घसरतो, तोही गाण्याच्या मध्ये, म्हणून दर दोन गिगनंतर सेल नवे.

थेरेमिनला जागा लागते. आजूबाजूला एक मीटरपर्यंत लोखंडी स्टँड, सिंबल किंवा हात हलवणारा बासिस्ट नको. चालू केल्यावर सूर स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटं जातात, म्हणून आधीचा बँड वाजत असतानाच स्टेजच्या कडेला त्याला वीज देऊन ठेवा, आणि जागेवर नेल्यावर शून्याचा सूर पुन्हा लावा. कडेला लावलेला सूर मध्ये चालत नाही, कारण आजूबाजूची वस्तू बदलली की त्याच्यासाठी जग बदलतं. वाजवणाऱ्याचे पाय कुठे हवेत ते टेपने जमिनीवर आखा.

हलगीला गोव्याची हवा मानवत नाही. कातडं ओल धरतं, सैल पडतं आणि कडाडण्याऐवजी थपथप वाजतं. गावाकडे शेकोटीवर शेकतात, क्लब ते करू देणार नाही. केस वाळवायचा ड्रायर ३० सेंटीमीटर लांब धरून गोल फिरवत तीन-चार मिनिटं द्या, थांबा, वाजवून बघा, गरज वाटली तर पुन्हा. एका जागी धरलात तर कातडं तिथे ताठ होऊन फाटतं. उलट हैदराबादच्या एसी हॉलमध्ये तीच हलगी गरजेपेक्षा चढते, तिथे काही करू नका, कडेला वाजवा. फायबरच्या पानाची दुसरी हलगी गाडीत असू द्या. तिचा आवाज तसा नाही, हे मलाही मान्य आहे, पण ती वाजते. माइक मागून, कडेच्या दिशेने, आणि वाजवणारा ड्रम किटपासून निदान दीड मीटर लांब. नाहीतर हलगीच्या माइकमध्ये सिंबलच जास्त येतात.

घरघर आणि शॉक. स्टेजवर पोहोचल्यावर सगळ्यात आधी सॉकेट तपासा, तीन दिव्यांचा टेस्टर काहीशे रुपयांत मिळतो. अर्थिंग नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि दुसरी लाइन मागा. सगळी वाद्यं आणि अँप एकाच ठिकाणच्या विजेवर घ्या. गिटार एका फेजवर आणि मिक्सर दुसऱ्या अर्थिंगवर असला की घरघर हमखास. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघणं ठीक. प्लगची अर्थची पिन तोडणं किंवा तिला टेप लावणं हा उपाय कोणी सुचवला तर तिथेच थांबवा, त्यात माणूस जातो. गायक माइकला तोंड लावण्याआधी मल्टीमीटर एसीवर ठेवून गिटारची तार आणि माइकची जाळी यांच्यात व्होल्ट बघा. चार-पाचपेक्षा जास्त दिसले तर वाजवायचं नाही. जनरेटरवर असाल तर काहीही लावण्याआधी २२० ते २४० येतंय का बघा. न्यूट्रल सुटलेला असेल तर एखाद्या सॉकेटला ४००च्या जवळ येऊ शकतात आणि सगळे अॅडॅप्टर एकदम जातात.

आता ती १५ मिनिटं. पहिली तीन: तुमच्या टेबलावरची सगळी विचित्र मंडळी आधीच एका फळीवर स्क्रूने बसवलेली आणि जोडलेली असतात, दोघं ती फळी उचलून आणतात. एकच वीज, तीन केबल बाहेर. चौथ्या मिनिटापर्यंत गालिचा, स्नेअर, सिंबल. सहाव्यापर्यंत गिटार-बेसचे पेडल आणि माइक. मग लाइन चेक यादीच्या क्रमानेच, पाच-सहा मिनिटं, प्रत्येक चॅनलवर दहा-पंधरा सेकंद, 'एक, किक' असं म्हणत. कोणीही मध्ये रिफ वाजवत नाही. शेवटची तीन मिनिटं सगळ्यात दाट गाण्याचा तुकडा, म्हणजे पेटी, हलगी आणि तिन्ही आवाज एकदम येतात तो. सोप्या गाण्यावर साउंडचेक केला तर पहिल्याच दाट गाण्यात शिटी वाजते. दौऱ्याआधी हा क्रम तालमीच्या खोलीत घड्याळ लावून चार वेळा करा. पहिल्यांदा २५ मिनिटं लागतील.

गोव्यात जागा उघडी असेल तर दहाची वेळ खरी धरा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाहीत, आणि मोजक्या दिवसांची मध्यरात्रीपर्यंतची सूट राज्य सरकार देतं, क्लबचा मालक नव्हे. आठला स्टेजवर जा, ४५ मिनिटांचा सेट ठेवा, आणि रिसीव्हरचं गाणं शेवटी ठेवू नका. आधीचा बँड लांबला की शेवटचंच कापलं जातं.

पैशांचं थोडक्यात. अर्धे आगाऊ, उरलेले सामान भरण्याआधी. तिकिटांतला हिस्सा असेल तर दारात मोजणी कोण करतं ते ठरवा, नाहीतर 'पाहुण्यांची यादी' फुगते. फीवर साधारण १० टक्के टीडीएस कापतात, पॅन दिला नाही तर २०. पॅन दिला असेल तर तो नंतर तुमच्या करात वळता होतो, जास्तीचा परत मिळतो, पण दौऱ्यातल्या रोखीत तो नाही हे धरून चला. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. गाणी तुमची स्वतःची असतील तर लिहिणाऱ्यांनी आणि चाल लावणाऱ्यांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांचे रॉयल्टीचे पैसे गोळा करणारी संस्था) सभासदत्व घेऊन ती नोंदवून ठेवावीत. टी-शर्ट ६० न्या: एस ८, एम १८, एल २०, एक्सएल १०, डबल एक्सएल ४. यूपीआयचा क्यूआर ए-फोर आकारात छापून टेबलावर उभा करा. आणि पैसे ठेवणारा माणूस एकच.

गाडीतल्या जगण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बँड वाद्यांपेक्षा त्यावरून जास्त फुटतात. धावत्या गाडीत इंजिनवर आवाज चढवून बोलणं गायकासाठी दुसरा गिग वाजवण्यासारखंच आहे, त्याला मागच्या सीटवर गप्प बसू द्या. रोज दुपारी दोन तास गाणी बंद, हेडफोन किंवा झोप. गिगच्या आधी चार तास पोटभर जेवण, नंतर केळी-चिक्की. मिसळ गिगच्या दुसऱ्या दिवशी. खोल्या तीन, जोड्या दर दोन मुक्कामांनी बदला. कालच्या चुकांची चर्चा नाश्त्याच्या आधी आणि गाडी भरताना करायची नाही.

एक गोष्ट मात्र राइडर पाठवण्याआधी तपासून मला कळवा: तुमची पेटी कुठल्या सुरावर आहे? काळी एक, पांढरी चार हे सांगू नका, ट्यूनरवर 'ए'चा आकडा बघा. बऱ्याच पेट्या ४४० वर नसतात. ४४४ निघाली तर ४४० च्या कीबोर्डशी १५-१६ सेंटचा फरक पडतो आणि मधल्या 'ए'वर सेकंदाला चार ठोके ऐकू येतात. गिटार आणि बेस पेटीला लावता येतील, थेरेमिनला फरक पडत नाही, पण खेळण्यातल्या कीबोर्डला सूर वर-खाली करायची सोय बहुधा नसते. मग एकतर कारागिराकडून पेटीच्या रीड खाली उतरवून घ्याव्या लागतील, त्याला निघण्याआधी तीन आठवडे द्या, कारण ताज्या घासलेल्या रीड काही दिवस वाजून स्थिर व्हाव्या लागतात. किंवा कीबोर्डच्या पुढे पिच बदलणारं पेडल येईल, म्हणजे फळीवर आणखी एक वस्तू आणि आणखी एक अॅडॅप्टर. आकडा कळला की फळीची मांडणी आणि १९ नगांची यादी सांगतो.